धूर, धुकं आणि पाच दिवसांची वाचन-कार्यशाळा

दिवाळीच्या सुट्टीतले पाच दिवस पुण्यात ज्ञानमीमांसेच्या (ज्ञान म्हणजे काय आणि ते कसं होतं याचा विचार) एका वाचन-कार्यशाळेत काढून परवा वाईला परत आले. फी १,२०० रुपये. त्यात राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि दिवसातून दोनदा चहा. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी आयोजकांना पत्राने कळवल्यात आणि उत्तराला त्यांना सवड मिळायला हवी. पण अशी कार्यशाळा असते कशी, तिथे काय मिळतं आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या किंवा शिकणाऱ्या माणसाने तिच्यासाठी सुट्टी खर्च करावी का, हे नावाशिवायही सांगता येतं. करावी. चर्चासत्रांची प्रमाणपत्रं माझ्या फाइलीत बरीच आहेत. त्या सगळ्यांनी मिळून दिलं नाही ते या पाच दिवसांनी दिलं.

मी एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. आमच्या विषयाला मुलं कमी, तुकडी टिकते की नाही याची धाकधूक दर जूनला. या विषयाचा दुसरा शिक्षक आसपास नाही. वर्गात शिकवताना एखादी शंका आली तर ती घेऊन जायचं कोणाकडे? पुस्तकाकडे जावं तर पुस्तक उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून मी चर्चासत्रांना जात राहिले.

याच वर्षी फेब्रुवारीत एका मोठ्या शहरात दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र झालं, विषय ज्ञान आणि सत्य. नोंदणी २,००० रुपये. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविकं मिळून पहिले पावणेदोन तास गेले. दुपारी तीन खोल्यांत एकाच वेळी सत्रं, प्रत्येकाला आठ मिनिटं. माझा निबंध हेत्वाभासांवर, म्हणजे अनुमानातल्या सदोष कारणांवर होता. न्याय या भारतीय तर्कदर्शनात हेत्वाभास पाच: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. मी सत्प्रतिपक्षावर असतानाच 'आवरा' अशी चिठ्ठी समोर आली. असिद्धाबद्दल मला जे खरोखर म्हणायचं होतं ते राहून गेलं. पण त्या दिवसाचं मला जे लागलं ते वेगळंच होतं. शेवटच्या सत्रात एक मुलगा उठला, बी.ए.ला असावा. त्याने मराठीत विचारलं, "सांगणारा खरं बोलतोय हे मानायला तो भरवशाचा आहे हे आधी कळायला हवं ना? मग ते कशावरून कळतं?" शब्दप्रमाणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाचा, सगळा वाद या एका प्रश्नात आहे. अध्यक्षांनी त्याला इंग्रजीत विचारायला सांगितलं. तो खाली बसला. मी त्याच्या मागच्याच रांगेत होते आणि मीही काही बोलले नाही. ते मला अजून टोचतं. पाचव्या दिवसाबद्दल लिहिताना त्याच्याकडे परत येईन.

या कार्यशाळेचा अर्ज भरतानाच फरक जाणवला. निबंधाचा सारांश मागितलाच नव्हता. एक पान लिहायचं होतं: तर्कसंग्रहातलं कोणतं वाक्य तुम्हाला अडलं आणि का? अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह म्हणजे १७व्या शतकातला छोटासा पाठ्यग्रंथ, न्याय आणि वैशेषिक या जोडदर्शनांची पहिली पायरी. मी स्मृतीबद्दल लिहिलं. अन्नंभट्ट ज्ञानाचे दोन भाग करतात, स्मृती आणि अनुभव, आणि यथार्थ अनुभवालाच प्रमा म्हणतात. म्हणजे स्मृती कितीही खरी असली तरी प्रमा नाही. दरवर्षी कोणीतरी मूल विचारतंच: "मॅडम, काल पाठ केलेलं आज बरोबर आठवलं तर ते ज्ञान नाही का?" मी उत्तर देते, पण माझं समाधान होत नाही. ते पान पाठवलं आणि आठ दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. एकूण बावीस जण. कोणी पीएच.डी. करणारे, चार प्राध्यापक, दोन वेदपाठशाळेतले विद्यार्थी, एक निवृत्त बँक अधिकारी, एक कायद्याची विद्यार्थिनी, नांदेडकडचा एक एम.ए.चा मुलगा ज्याला दिसत नाही, आणि माझ्यासारखे दोघे-तिघे कनिष्ठ महाविद्यालयातले.

वाईहून सकाळच्या एस.टी.ने स्वारगेट, तिथून रिक्षा. जागा जुन्या दगडी इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरची. लांब टेबलं चौकोनात लावलेली, त्यामुळे मागची रांगच नाही. शिकवणारे दोघे. एक पाठशाळेत न्याय शिकलेले शास्त्री, वय सत्तरीच्या पुढे, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दुसऱ्या म्हणजे विद्यापीठातल्या एक मॅडम, पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा शिकवणाऱ्या. दोघे शेजारी शेजारी बसत आणि पाचही दिवस एकमेकांचं बोलणं पूर्ण ऐकून घेत. शिकवणाऱ्यांनी एकमेकांना आपल्यासमोर शंका विचाराव्यात, त्यातली एखादी सुटू नये, आणि तरी वर्ग पुढे जावा, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी नऊ ते अकरा मूळ ग्रंथ, एक विद्यार्थी एक ओळ वाचणार, गुरुजी पदच्छेद करणार, मग अर्थ. साडेअकरा ते एक, मॅडमचं सत्र. दुपारी अडीच ते साडेपाच मोकळी चर्चा, अट एकच: बोलायचं ते समोरच्या ओळीबद्दल. पाच दिवसांत आम्ही तर्कसंग्रहाची जेमतेम तीन छापील पानं वाचली असतील. आठ मिनिटांत अख्खा निबंध संपवण्याची सवय असलेल्या माणसाला हे आधी अंगावर येतं. दुसऱ्या दिवसापासून दुसरं काही नकोसं होतं.

पहिला दिवस पुरता एका शब्दावर गेला, 'ज्ञान'. "सर्वव्यवहारहेतुर्गुणो बुद्धिर्ज्ञानम्", बुद्धी म्हणजेच ज्ञान, सगळ्या व्यवहाराला कारण असणारा गुण. गुरुजींनी शिंपल्याचं उदाहरण घेतलं. शिंपला पाहून 'ही चांदी आहे' असं वाटलं, तर तेही ज्ञानच. चुकीचं आहे, अयथार्थ आहे, पण ज्ञान आहे. मॅडमनी थांबवलं. इंग्रजीतल्या 'नॉलेज' या शब्दात खरेपणा गृहीतच असतो. खोटं नॉलेज असं काही असू शकत नाही. आणि आपण मराठीत गेली शंभर-सव्वाशे वर्षं नॉलेजला ज्ञान म्हणत आलो. मग 'ज्ञान म्हणजे काय' हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे का? गुरुजी म्हणाले, नाही. तुमच्या नॉलेजच्या जवळ जाणारी आमची गोष्ट आहे प्रमा. मॅडम म्हणाल्या, तीही पूर्ण जुळत नाही, कारण तुमची प्रमा ही एक घटना आहे, क्षणात उमटते आणि जाते, आणि आमचं नॉलेज माणूस झोपलेला असतानाही त्याच्याजवळ असतं. झोपलेल्या माणसाला आपल्या गावाचं नाव माहीत असतं की नाही? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, म्हणणार, संस्कार (अनुभवाचा उरलेला ठसा) असतो, ज्ञान नसतं. माझा स्मृतीचा प्रश्न इथे कुठेतरी आहे हे मला त्याच क्षणी कळलं. संस्कारातून पुन्हा वर आलेलं ते स्मरण, वस्तूशी नव्याने भेट नाही. अनुभवाच्या खरेपणावर ते उभं, म्हणून स्वतः प्रमा नाही. सगळं पटलं असं नाही. पण आता बारावीतल्या मुलीला 'तसा नियम आहे' याहून अधिक काही सांगू शकेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट समोर आली, ती इथे लिहायलाच हवी. वाचायचा मजकूर आम्हाला कार्यशाळेच्या जेमतेम दोन दिवस आधी ईमेलने आला होता, आणि तो सगळा पानांचे फोटो काढून बनवलेला होता. नांदेडच्या त्या मुलाचं मोबाइलमधलं वाचून दाखवणारं ॲप फोटोतली अक्षरं वाचू शकत नाही. पहिला अख्खा दिवस तो नुसता ऐकत बसला होता. त्याने अर्जात आपली अडचण स्पष्ट लिहिली होती. आयोजकांकडून ही चूक झाली आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोठी चूक होती. ज्ञान कोणत्या वाटांनी येतं याची चर्चा करायला बसलेल्या ठिकाणी एका माणसाची वाट आधीच बंद करून ठेवायची हे चालणार नाही. मॅडमना समजताच त्यांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. त्या रात्री आम्ही पाच जणांनी पुढच्या तीन दिवसांचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ओळ दोनदा मोठ्याने वाचायची, मगच बोलायचं, असा नियम ठरला. त्याने आम्हा सगळ्यांचाच फायदा झाला, कारण डोळ्यांनी वाचताना आपण समासातून घसरून जातो ते कानांनी ऐकताना जमत नाही. तरी टंकलेला मजकूर तीन आठवडे आधी द्या, हे मी पत्रात पहिल्या क्रमांकावर लिहिलंय.

आता धूर. डोंगरावर धूर आहे, म्हणून आग आहे, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. अनुमानाचं हे उदाहरण मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की त्यात विचार करण्यासारखं काही उरलं आहे असं वाटत नव्हतं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, अशी त्याची पाच अंगं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियरचा १९६३चा लेख वाटला. 'ॲनालिसिस' या नियतकालिकात आलेला, फक्त तीन पानांचा. ज्ञान म्हणजे सयुक्तिक सत्य समजूत, या व्याख्येला त्यात दोन उदाहरणांनी छेद दिला. नोकरीसाठी दोघे उमेदवार, स्मिथ आणि जोन्स. नोकरी जोन्सला मिळणार असं स्मिथला भक्कम कारणांवरून वाटतं, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने मोजून पाहिलेलं. तो निष्कर्ष काढतो की ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी असतात. समजूत खरी, कारणं चांगली, पण त्याला ते माहीत होतं असं आपण म्हणू का?

आम्ही वाचत असताना गुरुजी मान हलवत होते. मग त्यांनी श्रीहर्ष काढले. नैषधीयचरित लिहिणारे तेच, १२व्या शतकातले. त्यांच्या खंडनखंडखाद्यात दोन गोष्टी आहेत. कोणी मुठीत कवड्या लपवून किती आहेत विचारतो, समोरचा उगीच 'पाच' म्हणतो, आणि निघतातही पाच. दुसरं, धुक्याला धूर समजून आगीचं अनुमान केलं, आणि तिथे खरोखर आग निघाली. मॅडमनी त्याच्याही मागचा धागा आणला: ८व्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मोत्तर. मांस भाजायला नुकतीच आग पेटवली आहे, अजून धूर निघालेला नाही. पण मांसाभोवती चिलटांचा थवा जमलाय. लांबून पाहणारा त्यालाच धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. गेटियरच्या लेखाने इंग्रजी जगात जी साठ वर्षं चर्चा चालली तिचं बीज आपल्याकडे इतकं आधी होतं, हे मी वाचलेलं होतं. आमच्यातल्या एकाला त्याचा अभिमान वाटला आणि तो म्हणाला, म्हणजे सगळं आपल्याकडे होतंच. गुरुजींनी त्याला शांतपणे सांगितलं, उदाहरण एक असलं म्हणून प्रश्न एक होत नाही. श्रीहर्षांना ज्ञानाची सुधारलेली व्याख्या नको होती. प्रमेची कोणतीच व्याख्या टिकत नाही हे दाखवायचं होतं. ते आमच्या नैयायिकांवर चालून आलेले आहेत.

इथे मी हात वर केला. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत उसाची तोड झाली की शेतकरी रानात पाचट पेटवतात. सकाळी कृष्णेच्या काठाने धुकं असतं, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी ते रेंगाळतं. मागच्या जानेवारीत गच्चीवरून मी पाहिलं, पांढुरका पट्टा वर चढत होता. मी घरात सांगितलं, खालच्या रानात पाचट पेटवलंय. नंतर दूधवाल्या मावशींनी सांगितलं की पाचट खरंच पेटवलं होतं, पण बांधाच्या पलीकडे, आणि त्याचा धूर आमच्या गच्चीवरून दिसणंच शक्य नव्हतं. मी पाहिलं ते धुकं होतं. सकाळभर मी खरं बोलत होते आणि मला ते माहीत नव्हतं. हे सांगितलं तर खोली शांत झाली. मग त्यावर दीड तास गेला.

गुरुजींचं म्हणणं असं. अन्नंभट्टांची व्याख्या एवढंच विचारते की जे जिथे आहे तिथेच ते दिसलं का: "तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः". आग होती, तिथेच तुम्हाला आग वाटली, तर तो अनुभव यथार्थ. पण ते अनुमान नव्हे. हेतू, म्हणजे धूर, पक्षात, म्हणजे त्या जागी, नाहीच, म्हणून हा स्वरूपासिद्ध, असिद्धाचाच एक प्रकार. परामर्श, म्हणजे 'आगीशिवाय नसणारा धूर इथे आहे' हे जाणणं, चुकला. प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या योग्य साधनाने, दिलेली प्रमा ही नाही. मॅडमनी विचारलं, म्हणजे प्रमा आहे पण प्रमाण नाही? मग प्रमाणाशिवाय आलेल्या प्रमेला आपण माहीत असणं म्हणायचं की नाही? गुरुजी थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, 'माहीत असणं' हा तुमचा शब्द, तो तुम्ही ठरवा. मला कारण कोणतं आणि कार्य कोणतं हे वेगळं ठेवायचंय. कायद्याच्या विद्यार्थिनीने मध्येच सांगितलं की कोर्टात हेच होतं: आरोपी खरोखर गुन्हेगार निघाला म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही. बँकवाल्या काकांनी कर्जप्रकरणाचं उदाहरण दिलं. फेब्रुवारीत मला असिद्धाबद्दल जे बोलायचं राहिलं होतं, ते इथे, माझ्या गच्चीवरच्या धुक्यासकट, टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. मी वहीची अकरा पानं लिहिली.

चौथा दिवस मला कमी भावला. मॅडमच्या एका सहकाऱ्यांचं संभाव्यतेवरचं व्याख्यान होतं, विषय मोठा आणि वेळ कमी. सूत्रं भराभर पडद्यावर आली, प्रश्नांना पंधरा मिनिटं. बाकीच्या दिवसांशी ते जुळत नव्हतं. तो विषय घ्यायचाच तर स्वतंत्र पाच दिवसांचा घ्यावा.

जेवणाबद्दल. पोहे, उपमा, एक दिवस थालीपीठ. दुपारी वरण-भात, पोळी, मटकीची उसळ किंवा वांग्याची भाजी, ताक. साधं आणि गरम. स्वयंपाक करणाऱ्या काकू तिसऱ्या दिवशी दारात उभ्या राहून धुराचा वाद ऐकत होत्या. जेवायला वाढताना त्यांनी मला सांगितलं की गॅस आल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात आग असते पण धूर नसतो. मी ते गुरुजींना सांगितलं. ते खूश झाले आणि दुपारच्या सत्राची सुरुवात त्यांनी काकूंच्या वाक्याने केली: धुरावरून आग कळते, पण आगीवरून धूर कळत नाही, कारण धूर नसलेली आगही असते, व्याप्ती, म्हणजे 'जिथे धूर तिथे आग' हा नियम, उलटवता येत नाही. पाठ्यपुस्तकात यासाठी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण येतं. माझ्या वर्गातल्या मुलींनी तापलेला लोखंडी गोळा पाहिलेला नाही. गॅसची शेगडी सगळ्यांच्या घरी आहे.

राहण्याची सोय ठीक. खोलीत तिघी, पांघरुणं स्वच्छ. गरम पाणी सकाळी साडेसहापर्यंतच, त्यानंतर उठणाऱ्यांना थंड पाण्याने आवरावं लागलं. चर्चेची खोली पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. गुरुजींना दिवसातून चारदा जिना चढताना पाहून मला बरं वाटत नव्हतं. तळमजल्यावर रिकामी खोली होती, तिच्यात खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. झेरॉक्स फिकट. माइक नव्हता, पण इतक्या लोकांना त्याची गरजही नाही.

पाचव्या दिवशी शब्दप्रमाण. तर्कसंग्रहातली व्याख्या चिमुकली आहे: आप्ताचं वाक्य म्हणजे शब्द, आणि आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा. मॅडमनी त्याच्या शेजारी ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांचा विचार ठेवला. त्यांनी २००७च्या आपल्या ग्रंथात ज्ञानाच्या बाबतीत होणारा अन्याय असा मुद्दा मांडला. बोलणारा कोण आहे, कोणत्या जातीचा, वर्गाचा, बाई की पुरुष, उच्चार कसे, यावरून ऐकणारा त्याच्या सांगण्याची किंमत आधीच कमी धरतो, आणि अशाने त्या माणसाला 'जाणणारा' म्हणूनच मान नाकारला जातो. गुरुजींना हा विचार नवा होता. त्यांनी दोनदा समजून घेतला. मग म्हणाले, वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात म्हटलंय की आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. कुळाची अट त्यात नाही. मग जरा थांबून ते पुढे म्हणाले, "लक्षणात नाही. पण आमच्या पाठशाळांच्या दारात ती होती, हे मला कबूल केलं पाहिजे." सत्तरीच्या शास्त्र्यांनी भर वर्गात हे म्हणावं याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

मी तेव्हा त्या बी.ए.च्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याचा प्रश्न जसाच्या तसा. नांदेडचा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, हा तर सगळ्यांत अवघड प्रश्न आहे." त्याने स्वतःचं सांगितलं: तो रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाच्या 'चला' या एका शब्दावर पाऊल टाकतो. भरवसा आधी तपासायला वेळच नसतो. मग शब्दापासून होणारं ज्ञान अनुमानावर उभं आहे, वैशेषिक म्हणतात तसं, की नैयायिक म्हणतात तसं स्वतंत्र? त्याचं म्हणणं, अनुमान करत बसलो तर सिग्नल सुटेल. बोललेलं कळतं आणि त्याच क्षणी खरं वाटतं, शंका मागाहून येते, कारण घडलं तरच. गुरुजींनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती चर्चा साडेपाचला संपायची होती, पावणेसातला संपली. तो बी.ए.चा मुलगा मला कुठे भेटेल ठाऊक नाही. त्याचा प्रश्न आम्हा सगळ्यांच्या वह्यांत आहे.

अशी बैठक नवी नव्हे. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे अभ्यासक राहून वाचत आणि वाद करत. पुण्यातच १९८३ साली तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पारंपरिक पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची 'प्रपोझिशन'ची (विधानाच्या आशयाची) कल्पना पंडितांपुढे संस्कृतात ठेवली गेली आणि त्यांनी ती न्यायाच्या अंगाने तपासली. त्याचं 'संवाद' हे पुस्तक १९९१ साली निघालं. रेग्यांचं वाईशी नातं प्राज्ञपाठशाळेमुळे आणि 'नवभारत' मासिकामुळे होतं, म्हणून मला ते घरचे वाटतात. त्या बैठकीत पंडित आणि प्राध्यापक होते. या खेपेला टेबलाभोवती कनिष्ठ महाविद्यालयातले आम्ही, बँकवाले काका आणि पाठशाळेतली पोरंही होती. आमच्याकडे तत्त्वज्ञानाच्या बैठकींसाठी जो पैसा येतो त्यातला निम्मा अशा वाचनांना मिळाला, तर तालुक्याच्या गावी तर्कशास्त्र शिकवणारी माणसं एकटी पडणार नाहीत.

बढतीसाठी निबंध वाचल्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर ते इथे मिळत नाही. उपस्थितीचा साधा कागद मिळतो. संस्कृत अजिबात येत नसेल तरी चालतं, आमच्यात सहा जणांना येत नव्हतं, पण देवनागरीत वाचता यायला हवं आणि आधी घरी तर्कसंग्रह एकदा चाळलेला हवा. आठल्ये आणि बोडस यांची मुंबई संस्कृत मालेतली १८९७ची आवृत्ती अजून सगळ्यांत उपयोगी, तिच्यात अन्नंभट्टांची स्वतःची दीपिका ही टीका आहे आणि इंग्रजी टिपा भरपूर. चर्चा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत चालते आणि ज्याला जे जमेल त्यात तो बोलतो. पाचही दिवस राहणार असाल तरच जा. दोन दिवस येऊन परत गेलेल्या एका प्राध्यापकांना धुराचा वाद मिळाला नाही. पुढची कार्यशाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे, ग्रंथभाग व्याप्तीचा. वही जाड न्या, आणि खोली घेताना तळमजल्यावरची मागा, तिथे गरम पाणी जरा जास्त वेळ येतं.